लहान मुलाच्या मेंदूतला फुगा आपोआप बुजतो का?

प्रश्न एका मामांचा आहे. भाचा चार वर्षांचा. एका सकाळी डोकं धरून रडला, दोनदा उलटी झाली, दुपारी जेवताना डाव्या हातातून पेला निसटला. संध्याकाळपर्यंत हात पूर्ववत झाला. तरीही तालुक्याच्या डॉक्टरांनी सीटी करायला लावला, हे उत्तम केलं. रक्तस्राव नव्हता, पण उजव्या मधल्या धमनीवर, म्हणजे रिपोर्टमध्ये जिला 'एमसीए' लिहितात तिच्यावर, १९ मिलिमीटरचा अ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगा, निघाला. मुलाला मोठ्या शहरात हलवलं. नवव्या दिवशी एमआरआय झाला, त्यात निम्मा फुगा गुठळीने भरलेला. तिथले डॉक्टर म्हणाले, "आत्ता हात लावायला नको, थांबू या." घरात तीन तट पडलेत. आजोबा म्हणतात, देवाने ऐकलं, मुलाला घरी न्या. वडिलांना वाटतं डॉक्टर टाळताहेत, मुंबईला नेऊन ऑपरेशन करून टाकावं. आणि मामांनी रात्र रात्र मोबाइलवर वाचून काढलंय की लहान मुलांत हे फुगे आपोआप बरे होतात. ते विचारतात: हे खरं आहे का, आणि थांबणं म्हणजे वेळ घालवणं नाही ना?

मी गेली बरीच वर्षं कॅथ लॅबमध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचंच काम करतो. तुमच्या भाच्याच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्याच्यापुरता निर्णय त्याला तपासणाऱ्यांचाच. पण प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. होतं तसं. मी स्वतः पाहिलंय. मात्र ज्या प्रक्रियेने फुगा बुजतो, तिच्यानेच मुलाला लकवाही होऊ शकतो, आणि मोबाइलवरच्या कहाण्यांत ही दुसरी बाजू क्वचित लिहिलेली असते.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण महिन्यातून एकदा तरी कुणीतरी तो घेऊन येतं. 'मुलांचे अ‍ॅन्युरिझम निम्म्याहून जास्त वेळा आपोआप जातात' असं वाचलं असेल, तर ते बहुतेक कावासाकी आजाराबद्दल असणार. त्यात तापानंतर हृदयाच्या धमन्यांना फुगे येतात, आणि त्यातले साधारण निम्मे वर्ष-दोन वर्षांत ओसरतात, हे खरंच आहे. पण ते हृदयाचे. मेंदूच्या फुग्याला तो आकडा लावू नका. दुसरा गोंधळ 'व्हेन ऑफ गॅलन अ‍ॅन्युरिझम' या नावाचा. तान्ह्या बाळांत दिसतो, नावात अ‍ॅन्युरिझम आहे, पण मुळात धमन्या थेट शिरेत उघडल्याने फुगलेली ती शीर असते. तिचा हिशेब निराळा, उपचार निराळा. तीही क्वचित आपोआप गोठते, म्हणून तिच्या गोष्टी या गोष्टींत मिसळतात.

आता खरा मुद्दा. 'मेंदूतला फुगा' हा एक आजार नाही. मोठ्या माणसांत जो आढळतो तो बहुतेक वेळा धमनीच्या फाट्यावर, बोरासारखा बाहेर आलेला असतो. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने, सिगारेटने, अंगभूत कमकुवतपणाने तो हळूहळू तयार होतो. चार वर्षांच्या मुलाला अशी वर्षं मिळालेलीच नसतात. म्हणूनच मुलांत हा आजार इतका कमी: सगळ्या वयांचे मिळून जेवढे रुग्ण असतात, त्यांत मुलं पाच टक्क्यांच्याही आत. मोठ्यांत बायकांचं प्रमाण जास्त, मुलांत मुलग्यांचं. २५ मिलिमीटरच्या वरचे, ज्यांना आम्ही 'जायंट' म्हणतो, ते मोठ्यांत तुरळक आणि मुलांत त्या मानाने बरेच. आणि कारणं तर पार वेगळी.

मुलांतलं एक मोठं कारण म्हणजे धमनीचा आतला पदर सुटणं, डिसेक्शन. धमनीची भिंत तीन पदरांची असते. आतल्या पदराला चीर गेली की रक्त पदरांच्या मधे शिरतं आणि पोळीचा पापुद्रा सुटून फुगावा तशी भिंत फुगते. मेंदूच्या आतल्या धमन्यांचा बाहेरचा पदर शरीरातल्या इतर धमन्यांपेक्षा पातळ असतो, त्यामुळे ती लवकर फुगते. कधी मार लागल्याचा इतिहास असतो: झोक्यावरून पडला, क्रिकेटचा चेंडू लागला. बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. आई-वडील मागचे सहा महिने आठवत बसतात की आपण कुठे चुकलो. सापडलं नाही तर शोधणं सोडा. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पिएर लासजोनियास यांनी मुलांच्या रक्तवाहिन्यांच्या आजारांवर आयुष्य घातलं. २००५ साली त्यांच्या गटाने ५९ मुलांतल्या ७५ अ‍ॅन्युरिझमचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात डिसेक्शनचा गट सर्वांत मोठा होता. माझ्या पिढीतले आम्ही बरेच जण 'मुलांत घाई करू नये' हे त्यांच्याच लेखनातून शिकलो.

आणि आपोआप बुजण्याची कथा मुख्यतः याच प्रकाराची आहे. पदर सुटला, तर शरीर ती जखम भरू बघतं. हातावरची जखम भरते तशीच, फक्त इथे खपलीच्या जागी गुठळी असते.

गुठळी का होते, ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. पावसाळ्यात ओढ्याला डोह असतो ना, मुख्य धार बाजूने वाहते आणि डोहात पाणी गोल गोल फिरत राहतं, गाळ खाली बसतो. फुग्याचं तसंच. तोंड अरुंद आणि पोट मोठं असेल तर आत गेलेलं रक्त चटकन बाहेर येत नाही. थांबलेलं रक्त गोठतं, त्यातून भिंतीचं आतलं अस्तर फाटलेलं असेल तर आणखी लवकर. १९६० साली अमेरिकेत ब्लॅक आणि जर्मन या दोन शल्यचिकित्सकांनी प्रयोगशाळेत फुगे बनवून हेच तपासलं होतं: पिशवीच्या आकारमानाच्या मानाने तोंड लहान, की आत गुठळी धरते. मुलांतले फुगे मोठे असतात, म्हणून ही स्थिती त्यांच्यात जास्त वेळा जुळून येते.

डीएसए, म्हणजे नळी घालून केलेली अँजिओग्राफी, करताना हे डोळ्यांनी दिसतं. जांघेतून बारीक नळी घालून आम्ही औषध सोडतो, पडद्यावर धमन्या काळ्या होतात, काही सेकंदांत ते औषध शिरांतून निघूनही जातं. पण अशा फुग्यात ते घुटमळतं. मूल उताणं झोपलेलं असतं, त्यामुळे फुग्याच्या मागच्या, खालच्या बाजूला काळा थर बसून राहतो, चहाच्या कपात चोथा बसावा तसा. बाकी सगळा पडदा कोरा झाला तरी तो थर तिथेच. असा थर दिसला की माझा हात जरा थबकतो. हा फुगा स्वतःच बुजायच्या वाटेवर असू शकतो.

तुमच्या भाच्यात नवव्या दिवशी निम्मा भरला, म्हणजे ही प्रक्रिया सुरू आहे. त्या दुपारी पेला का निसटला, याचंही एक संभाव्य उत्तर यातच आहे. उजव्या एमसीएच्या प्रदेशात डाव्या हाताचं केंद्र असतं. गुठळीचा एखादा कण सुटून पुढच्या फांदीत अडकला आणि काही तासांत विरघळला, असं झालेलं असू शकतं. त्या दिवशी तो वाचला. गुठळीला कुठे थांबायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. ती फुग्यात थांबली तर बरं होणं, फुग्याच्या तोंडातून मूळ धमनीत सरकली तर लकवा.

यात जागेला फार महत्त्व आहे. एमसीएच्या सुरुवातीच्या तुकड्यातून दोऱ्यासारख्या बारीक फांद्या वर मेंदूच्या गाभ्यात जातात. हातापायांच्या हालचालींच्या सगळ्या तारा त्या भागातून एकत्र खाली उतरतात. या फांद्यांना पर्यायी वाट नाही. त्या बंद झाल्या तर नुकसान होतंच. त्याच धमनीच्या पुढच्या, मेंदूच्या पृष्ठभागावरच्या फांद्यांचं मात्र वेगळं: त्यांची टोकं शेजारच्या धमन्यांच्या टोकांना आडवाटेने जोडलेली असतात, आणि मुलांत या आडवाटा पटकन रुंद होतात. मोठ्या माणसात ज्या धमनीच्या बंद पडण्याने निम्मा मेंदू गेला असता, ती मुलात हळूहळू बंद झाली आणि मूल दुसऱ्या दिवशी गाडी-गाडी खेळत होतं, असंही मी पाहिलंय. यातला 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: फुगा नेमका कोणत्या तुकड्यावर आहे, आणि त्या बारीक फांद्या त्याच्या आधी निघतात, त्याच्यातूनच निघतात, की नंतर?

निम्मा भरला म्हणजे निम्मा बरा झाला, असा हिशेब इथे चालत नाही. अर्धवट गोठलेला मोठा फुगा हे विचित्र प्रकरण असतं. आतून रक्त वाहतंय, भिंतीत गुठळीचे थर कांद्यासारखे एकावर एक बसलेत, आणि भिंतीतच बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटून तिथे पुन्हा पुन्हा थोडं थोडं रक्त झिरपतं. असा फुगा अँजिओवर लहान होत गेलेला दिसतो आणि एमआरआयवर मोठा होत गेलेला. दोन्ही खरं असतं: अँजिओ फक्त वाहतं रक्त दाखवतो, एमआरआय गुठळीसकट पूर्ण आकार दाखवतो. आमच्याकडे आलेली एक सहा वर्षांची मुलगी अशीच होती, डाव्या डोळ्याची पापणी पडलेली. गावात तिला चष्मा दिला होता. फुग्यातला वाहता भाग लहान होत होता, पण एकूण गोळा मेंदूतून डोळ्याकडे जाणाऱ्या नसेवर दाबत होता. तिला थांबवून ठेवणं योग्य नव्हतं, नि आम्ही ठेवलंही नाही.

आता माझी एक चूक सांगतो. वडिलांना डॉक्टर टाळताहेत असं वाटतंय, त्यांनी हे वाचावं. बऱ्याच वर्षांपूर्वी कोकणातला एक सात वर्षांचा मुलगा आला होता, मेंदूच्या मागच्या धमनीवर डिसेक्शनचा फुगा. तीन आठवडे थांबलो. पुन्हा एमआर अँजिओ केला, त्यावर फुगा नव्हता. मी आईला सांगितलं, "गेला." तिने वॉर्डात पेढे वाटले, मीही एक खाल्ला. साडेतीन महिन्यांनी मुलगा डोकेदुखीने परत आला, आणि फुगा होता त्याच जागी, थोडा आडवा पसरलेला. गुठळीत पुन्हा वाट पडली होती. कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, घालून तो बंद केला, मुलगा आज कॉलेजात आहे. पण तेव्हापासून एका फिल्मवरून मी 'गेला' हा शब्द उच्चारत नाही. दोनदा दिसायला हवं, मधे काही महिने जायला हवेत, आणि शेवटी एकदा डीएसए.

एमआरआय कसा फसवतो तेही सांगून ठेवतो, कारण पुढच्या दोन वर्षांत तुमच्या हातात असे रिपोर्ट बरेच पडणार आहेत. साध्या एमआर अँजिओत, ज्यात इंजेक्शन देत नाहीत, वाहतं रक्त पांढरं दिसतं. पण चार-पाच दिवसांची गुठळीही स्वतःच पांढरी दिसते. म्हणजे पूर्ण बुजलेला फुगा रिपोर्टमध्ये 'उघडा आहे' म्हणून येऊ शकतो. उलट, आत रक्त फार मंद फिरत असेल तर ते पांढरं दिसतच नाही, आणि उघडा फुगा 'दिसत नाही' म्हणून येतो. दोन्ही बाजूंनी फसगत. म्हणून साध्या अँजिओबरोबर बाकीचे क्रम आणि इंजेक्शन देऊन घेतलेली चित्रं शेजारी ठेवून वाचावी लागतात. रिपोर्टमधली एक ओळ वाचून घरात रडारड किंवा आनंदोत्सव, दोन्ही नको.

फसगतीचा आणखी एक प्रकार रक्तस्राव झालेल्या मुलांत असतो. तुमच्या भाच्याला तो झालेला नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या मुलाला झाला असेल. रक्तस्रावानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात धमन्या आकसतात. त्या आकसलेल्या असताना फुगा फिल्मवर भरतच नाही. लोक म्हणतात नाहीसा झाला. आठ-पंधरा दिवसांनी धमनी सैल झाली की हजर. आणि इथे माझं मत ठाम आहे: फाट्यावरचा, बोरासारखा, एकदा फुटलेला फुगा आपोआप बरा होईल म्हणून थांबायचं नाही, मूल कितीही लहान असो. प्रौढांवरचे जुने अभ्यास सांगतात की उपचार न केलेला फुटका फुगा पहिल्या सहा महिन्यांत निम्म्या लोकांत पुन्हा फुटतो, आणि पहिले दोन आठवडे सर्वांत वाईट. मुलांचं शरीर चिवट असतं हे खरं, पण दुसरा रक्तस्राव चिवटपणा बघत नाही.

जंतुसंसर्गाने होणारा फुगा हा आपल्याकडचा वेगळा अध्याय आहे. हृदयात जन्मजात छिद्र असलेली किंवा संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली मुलं आपल्याकडे अजूनही भरपूर. अशा मुलाला बारीक ताप येत राहतो, गोळ्या बदलत राहतात, आणि आतमध्ये झडपेवर जंतूंचा थर बसलेला असतो. त्याचा कण सुटून मेंदूच्या टोकाच्या धमनीत अडकला की तिथली भिंत जंतू खातात आणि फुगा येतो. याला 'मायकोटिक' म्हणतात. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली हे नाव दिलं, नावात बुरशी आहे पण आजार बहुधा जिवाणूंचा. हा प्रकार शिरेतून चार ते सहा आठवडे अँटिबायोटिक दिल्यावर खरोखर नाहीसा होऊ शकतो, काही वेळा मागे खूण न ठेवता. आणि त्याच औषधांवर असताना वाढूही शकतो, म्हणून मधे मधे फिल्म काढावीच लागते. 'आपोआप' हा शब्द मी इथे वापरणार नाही. सहा आठवडे सलाइनला बांधून राहिलेल्या पोराला विचारा आपोआप का ते. ज्यांच्या मुलाला हृदयाचा दोष माहीत आहे आणि आठवड्याहून जास्त ताप आहे, त्यांनी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर मागावं, ही माझी कळकळीची विनंती. एक डोस आधी पडला की जंतू सापडणं अवघड होतं.

तुमच्या भाच्याच्या बाबतीत डॉक्टरांनी कारण शोधायला काय काय केलं तेही विचारा. हातात आणि पायात दोन्हीकडे रक्तदाब मोजला का? महाधमनी अरुंद असेल तर फरक सापडतो आणि अशा मुलांत मेंदूचे फुगे जास्त. किडनीची सोनोग्राफी, हृदयाची टूडी इको. घरात कुणाला तरुणपणी 'मेंदूची नस फुटून' गेल्याचं आठवतं का? कुटुंब विदर्भातलं, गडचिरोली किंवा नंदुरबारकडचं असेल तर सिकलसेलची तपासणी झालेली असायला हवी. सिकलसेलमध्येही मेंदूत फुगे येतात, आणि डीएसएच्या आधी तयारी वेगळी करावी लागते.

मग वडिलांचा प्रश्न: ऑपरेशनच का करून टाकू नये? आमचे बरेचसे उपचार तरी काय करतात? गुलिएल्मी यांनी १९९० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जी सुटी होणारी प्लॅटिनमची कॉइल आणली, ती फुग्यात भरून आम्ही रक्ताची गती मोडतो आणि गोठायचं काम शरीरावर सोडतो. त्यानंतर आलेली फ्लो डायव्हर्टर, बारीक जाळीची नळी, तीही तेच करते. म्हणजे तुमच्या भाच्याचं शरीर जे स्वतः करतंय, तेच आम्ही तारा घालून करवून घेणार, आणि वाटेत गुठळी पुढे सरकायचा धोका आमच्याही हातून आहेच. शिवाय जाळीच्या नळीसाठी दोन-दोन रक्त पातळ करणारी औषधं कित्येक महिने द्यावी लागतात. चार वर्षांच्या, रोज गुडघे फोडून घेणाऱ्या मुलाला. डिसेक्शनच्या फुग्याला डोकं उघडून क्लिप, म्हणजे बारीक चिमटा, लावायची तर चिमटीत धरायला नीट मानच नसते, बऱ्याचदा पूर्ण धमनीच बंद करावी लागते. त्यामुळे फुगा फुटलेला नाही, गोठतोय, मूल खेळतंय, अशा वेळी 'थांबू या' म्हणणाऱ्या डॉक्टरला मी पळपुटा म्हणणार नाही. मीही बहुधा तेच म्हणालो असतो.

पण आजोबांना सांगा, थांबायचं ते हॉस्पिटलच्या टप्प्यात थांबायचं. पहिले दोन आठवडे तरी जिथे बालरोग आयसीयू, न्यूरोसर्जन आणि कॅथ लॅब एकाच छताखाली आहे तिथे. त्यानंतर मी स्वतः सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने एमआरआय करतो, मधे एकदा डीएसए. तुमचे डॉक्टर थोडं वेगळं वेळापत्रक देतील, त्याने बिघडत नाही. वेळापत्रक कागदावर आहे का, आणि कुठली गोष्ट घडली की थांबणं संपेल हे त्यांनी तोंडाने सांगितलंय का, हे महत्त्वाचं. माझ्या वहीत ती यादी अशी असते: रक्तस्राव, पापणी पडणं किंवा नवा तिरळेपणा, हातापायात पुन्हा अशक्तपणा, एकूण आकार वाढणं. यांतलं काहीही झालं की थांबणं संपतं. हे ठरलेलं नसेल तर मात्र वडिलांची शंका रास्त आहे, दुसरं मत घ्या.

घरी असताना: अचानक जोराची डोकेदुखी आणि उलटी, फिट, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, मूल अवेळी गुंगीत जाणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं. यांतल्या कशालाही सकाळ होऊ द्यायची नाही. उलट्या-जुलाबात पाणी कमी पडू देऊ नका, अंगातलं पाणी कमी झालं की रक्त जास्त गोठतं आणि इथे आपल्याला ते नको तिथे गोठायला नकोय. शौचाला कुंथावं लागू नये एवढं बघा. अ‍ॅस्पिरिन द्यावं की नाही हा खरोखर अवघड प्रश्न आहे, गुठळीचे कण उडतात म्हणून द्यावंसं वाटतं, भिंत फाटलेली आहे म्हणून हात आखडतो. तो निर्णय फिल्म पाहणाऱ्यानेच करायचा. दिलं असेल तर मनाने बंद करू नका, आणि अंगावर कांजिण्या उठल्या किंवा फ्लूसारखा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कारण त्या तापात अ‍ॅस्पिरिन मुलांना घातक ठरू शकतं. कुणी काढा, भस्म, पुड्या दिल्या तर मी भांडत नाही, फक्त पाकीट दाखवा म्हणतो. पुडीवर नाव नसेल तर देऊ नका.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचार चालू असणारच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आत्ताच विचारून ठेवा, कागद जमवून ठेवा. निर्णय रात्री दोनला घ्यायची वेळ आली तर रेशनकार्ड शोधत बसायला नको.

आणि समजा सगळं छान झालं, फुगा पूर्ण बुजला, डीएसएवर खातरी झाली. तरी हा मुलगा आमच्या यादीतून जात नाही. हेलसिंकीमध्ये लहानपणी मेंदूत अ‍ॅन्युरिझम झालेल्यांचा पाठपुरावा तीन दशकांहून जास्त काळ केला गेला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. ज्या ५९ जणांच्या दीर्घकाळानंतर फिल्म काढल्या, त्यांच्यातल्या ४१ टक्के लोकांत नवा किंवा जुन्याच जागी परतलेला फुगा सापडला. त्यांत धूम्रपान हा ठळक धोका ठरला. ते फुगे सगळे डिसेक्शनचे नव्हते, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा तुमच्या भाच्याला लावू नका. पण काही वर्षांनी एक एमआर अँजिओ, दरवर्षी रक्तदाब, आणि सोळा-सतराव्या वर्षी टपरीवर मित्राने सिगारेट पुढे केली की नाही म्हणायचं, हे त्याच्या वाट्याला आलंय. शाळेत नक्की जाऊ दे. कुस्ती, कबड्डी, डोक्यावर आपटण्याचे खेळ पहिलं वर्ष नकोत, सायकल हेल्मेट घालून. वर्गशिक्षिकेला एका चिठ्ठीत सांगून ठेवा.

शेवटची गोष्ट अगदी साधी आहे, आणि यातच सर्वांत जास्त घोळ होतो. प्रत्येक सीटी, एमआरआय आणि डीएसएची सीडी मागून घ्या, नुसता कागदी रिपोर्ट आणि चार फिल्म नकोत. सीडीवर तारीख मार्करने लिहा, घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर कॉपी ठेवा. सहा आठवड्यांनी जो कुणी बघेल त्याला नवव्या दिवसाचा एमआरआय शेजारी उघडून बघावा लागेल, आणि त्या वेळी 'जुनी फिल्म गावाकडे राहिली' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता आमची रिसेप्शनिस्ट अपॉइंटमेंट देतानाच विचारते, "सीडी पिशवीत घातली का?"